हात कुणाचा

तिला सगळे कवळीताई म्हणत. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि त्या मापांवरून ती कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं हेच काम. तळघरातली एक लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर प्लॅस्टरचे जबडे रांगेत मांडलेले, मेणाचा आणि घासलेल्या प्लॅस्टिकचा वास. नवं कुणी कामाला आलं की पहिले दोन दिवस त्या जबड्यांकडे बघून दचकायचं, मग तिसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी डबा उघडून जेवायला बसायचं. "तू लोकांना दात देतेस," तिचा नवरा म्हणायचा, "आणि मी त्यांच्या पोटात गोळा आणतो. कुणाचा धंदा बरा ते तूच सांग."

नवरा वैमानिक होता. मोठ्या जेट विमानांवरचा नव्हे. दोन पंख्यांचं, पन्नासेक माणसांचं छोटं विमान तो चालवायचा. लहान गावांहून मोठ्या शहरात आणि परत, दिवसातून चार-चार वेळा. स्वतःला तो आकाशातला एसटी ड्रायव्हर म्हणवून घ्यायचा. ती त्याला कॅप्टन म्हणायची. लग्नानंतर पहिलं वर्षभर कौतुकानं, नंतर चिडवायला, आणि शेवटी ते त्याचं नावच होऊन बसलं.

कॅप्टनचं विमान पडलं त्या दुपारी ती एका निवृत्त मास्तरांच्या खालच्या जबड्याला पॉलिश करत होती. मशीनच्या आवाजात फोन ऐकूच आला नाही. मालकच जिना उतरून आले आणि त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाचंच मशीन असं बंद केलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी तोंड उघडायच्या आतच तिला कळलं.

विमानात एकेचाळीस माणसं होती. धावपट्टी तीन किलोमीटरवर राहिली असताना, एका दगडाच्या खाणीच्या काठावर ते कोसळलं. वाचलं कुणी नाही.

पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दीर, जाऊ, नवऱ्याचे सहकारी, शेजारीपाजारी. लेक दुसऱ्या देशात नोकरीला होती, तीही आली, आईच्या कुशीत झोपली आणि रजा संपल्यावर परत गेली. मग माणसं एकेक करून ओसरली. ज्याला त्याला आपापला संसार होता. सव्वा महिन्यानं घरात ती एकटी उरली आणि फ्रिजवर चुंबकानं लावलेलं कॅप्टनचं ड्यूटीचं वेळापत्रक. त्यात अजून अकरा फेऱ्या बाकी होत्या. रोज सकाळी ती फ्रिज उघडताना नजर टाळायची आणि बंद करताना हटकून वाचायची.

एकटेपणाचं तिला नवल नव्हतं. वैमानिकाच्या बायकोला अर्धा महिना एकटीनंच काढावा लागतो. पण त्या एकटेपणाला शेवट असायचा, जिन्यावर बुटांचा आवाज यायचा. आता घरात कितीही वेळ बसलं तरी वेळ पुढे सरकल्यासारखा वाटत नव्हता. ती भात दोघांच्या मापानं लावायची आणि उरलेला सकाळी खायची. रविवार तर जाता जात नसे. एका रविवारी तिनं घरातले सगळे कपबशांचे कप मोजले, आणि आपण हे का करतोय हे न कळून पुन्हा जागच्या जागी ठेवले.

दुसऱ्या महिन्यात पेपरात बातमी आली. चौकशी चालू असतानाच आतल्या कुणीतरी बाहेर कुजबुज केली असावी. विमानात बिघाड नव्हता, म्हणे. उतरताना पंखांच्या मागच्या झडपा खाली घ्यायच्या असतात, त्याचा एक दांडा असतो. तो ओढायच्या ऐवजी शेजारचे दोन दांडे ओढले गेले आणि दोन्ही पंख्यांची ओढच गेली. आणि दांडे ओढायचं काम त्या वेळी सहवैमानिकाचं होतं. सहवैमानिक म्हणजे सव्वीस वर्षांची मुलगी, नोकरीला लागून आठ महिने झालेले. पेपरनं तिचा गणवेशातला फोटो छापला होता आणि खाली एकच शब्द ठळक अक्षरांत: 'नवखी'. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. मुलींना विमान द्यावं का, इथपासून लोक बोलायला लागले.

धाकटा दीर पेपर घेऊनच आला. चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, वाईट तर वाईटच झालं. पण एक बरं, दादाच्या नावाला डाग नाही लागला. मला ऑफिसात चार लोक विचारत होते. आता निदान मान वर करून सांगता येतं."

तिनं त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. खोटं कशाला, तिलाही आतून जरा हायसं वाटलं होतं. मग तिनं फोटोतल्या मुलीच्या केसांची क्लिप पाहिली. साधी, काळी, दुकानात एका कार्डावर डझनभर मिळतात तसली. तिनं पेपर उलटा करून ठेवला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी चौकशीच्या कार्यालयातून फोन आला. विमानातल्या बोलण्याची नोंद मिळाली आहे, त्यात कॅप्टन एके ठिकाणी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आहेत, आम्हाला ते शब्द लागत नाहीत. घरच्या माणसाला कदाचित लागतील. येऊ शकाल का? ऐकणं जड जाईल, सक्ती मुळीच नाही.

"येते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला त्याचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून आपण हो म्हटलं.

कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. खोलीच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला, मधे टेबल, टेबलावर दोन स्पीकर आणि कागदी रुमालांचा नवाकोरा डबा. चौकशी अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, केस बारीक कापलेले, आवाज मऊ. सोबत एक आवाजतज्ज्ञ होता. तिशीचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला, आणि तिच्या नजरेला नजर द्यायला बिचकणारा.

बाईंनी आधी तिला विमानातल्या दांड्यांचा मोठा फोटो दाखवला. "दोन वैमानिकांच्या मधे हे असतं. हे डावीकडचे दोन, इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे. हे मधले दोन पंख्याच्या पात्यांचे. हे पार मागे ओढले की पाती वाऱ्याला धार करून उभी राहतात. पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही. आणि हा उजवीकडचा एकटा, झडपांचा. हा ओढायचा होता."

ती फोटोकडे बघत राहिली. मधल्या दोघांत आणि उजवीकडच्या त्या एकट्या दांड्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

"इतकं जवळजवळ?" ती म्हणाली.

"हो. पण मुठींचे आकार वेगळे आहेत. हजारो वैमानिक रोज बरोबर दांडा ओढतात," बाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "म्हणूनच तर आम्ही शोधतोय."

आवाजतज्ज्ञानं सांगितलं की दोघांच्या तोंडाजवळच्या माइकची नोंद खराब झाली आहे. छतातल्या एका माइकची तेवढी शाबूत आहे. तो माइक सगळंच टिपतो, इंजिनाची घरघर, खुर्च्यांची करकर, बोलणं. म्हणून शब्द पुसट आहेत. "मी आधी फक्त तेवढाच तुकडा लावतो," तो म्हणाला. "शेवटचं ऐकायलाच पाहिजे असं नाही."

त्यानं बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि त्या घरघरीतून कॅप्टन घसा खाकरला. तिनं टेबलाची कड धरली. त्यानं त्या मुलीला उंचीबद्दल काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग शांतता. मग तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

"परत लावा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

"'नळाचं राहिलंच,'" ती म्हणाली. "असं म्हणालेत ते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आमचा. प्लंबरला फोन करा म्हणून मी आठवडाभर मागे लागले होते. त्या दिवशी सकाळी जरा चढ्या आवाजातच बोलले."

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. "हे पडण्याच्या बारा मिनिटं आधीचं आहे," त्या म्हणाल्या. "याचा पुढच्याशी संबंध लावू नका. माणसाच्या डोक्यात घर असतंच."

पण तिनं संबंध लावलाच. कोण लावणार नाही?

"शेवटचं पण लावा," ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

शेवटचा तुकडा दोन मिनिटांचा होता. वारा आडवा होता. कॅप्टन म्हणाला, "दे माझ्याकडे." मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे." म्हणजे विमान आता त्याच्या हातात, हे बाईंनी हळूच सांगितलं. मग विमानतळावरून रेडिओ बोलू लागला, मुलगी त्याला उत्तर देऊ लागली. तिच्या बोलण्याच्या मधेच कॅप्टन म्हणाला, "फ्लॅप." म्हणजे झडपा घे. मुलगी रेडिओवर बोलतच होती. आणि त्या बोलण्याखाली, घरघरीखाली, एक बारीकसा आवाज आला. टच्. आणि लगेच खट्-खट्.

कवळीताईनं झटकन मान स्पीकरकडे वळवली.

पुढचं तिनं ऐकलं आणि नाहीही ऐकलं. इंजिनांचा सूर बदलला. मुलगी म्हणाली, "सर, जोर लागत नाहीये." कॅप्टन म्हणाला, "का? का पण?" मग एक घंटी वाजत राहिली. त्यानंतर मुलीनं शेवटपर्यंत एकाच गोष्टीचा शोध चालवला होता, काय बिघडलंय याचा. तिचा आवाज कापत होता, पण ती एकेक आकडा वाचून दाखवत होती. कॅप्टन काहीच बोलला नाही. मग नोंद संपली.

आवाजतज्ज्ञानं रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला. तिनं घेतला नाही.

"काही आठवलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तिनं नळाच्या जबाबावर सही केली आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले जिन्यानं उतरून गेली.

ते टच् तिच्या ओळखीचं होतं. जीभ टाळूला लावून सोडली की येतो तो आवाज. कॅप्टन हातानं काही करायच्या आधी नेमका तो आवाज काढायचा. गॅसचं बटण फिरवताना, बॅगेची चेन लावताना, बरणीचं झाकण उघडताना. टच्, आणि मग हात. त्याला स्वतःला कळायचंही नाही. लेक लहान असताना त्याची नक्कल करायची, आणि तो म्हणायचा, मी कुठे असं करतो? आणि आणखीही एक होतं. कुणी काही करायला जरा वेळ लावला की त्याला धीर निघायचा नाही. "आण इकडे, मी करतो," असं म्हणून हातातली वस्तू काढूनच घ्यायचा. त्यात राग नसायचा, मायाच असायची. तो असाच होता, सगळ्यांची कामं अंगावर घेणारा.

ती मुलगी रेडिओवर बोलत होती. तिला वेळ लागणार होता. आणि बोलणाऱ्या माणसाला जीभ टाळूला लावता येत नाही.

घरी येऊन ती खुर्चीत बसली ती अंधार पडेपर्यंत. दिवा लावायला उठली, तर स्वतःच जीभ टाळूला लावून पाहिली. टच्. रिकाम्या घरात तो आवाज इतका स्पष्ट आला की तिला रडू कोसळलं. विमान पडल्यापासून ती अशी रडली नव्हती.

दोन दिवसांनी तिनं लेकीला फोनवर सगळं सांगितलं.

"आई, त्यांनी तुला त्याबद्दल विचारलं का?"

"नाही."

"मग झालं तर. विचारलेल्याचं उत्तर तू दिलंस."

"अगं, पण त्या मुलीचं..."

"ती गेली, आई. बाबाही गेले. आता कुणाचा हात होता यानं कोण परत येणार आहे? आणि तुला खात्री आहे का? एवढ्या गोंगाटात एक टच्? तुला बाबांचा आवाज हवा होता म्हणून तुला ऐकू आला असेल."

हे मात्र तिच्या मनाला लागलं. खरंच तसं असेल का? पुढचा आठवडाभर ती स्वतःशीच हुज्जत घालत राहिली. कामावर टेबलापाशी बसायची आणि मेणाचा दात हातात धरून तशीच राहायची. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली एकदा म्हणाली, "ताई, तो दात उपटून झालाय, आता बसवायचाय." सगळे हसले, तीही हसली. पण जेवणाच्या सुट्टीत कुणाशी हे बोलावं असं एकही माणूस तिला त्या खोलीत दिसेना. ज्याच्याशी बोलली असती तो एकच होता. आणि तो काय म्हणाला असता, तेही तिला ठाऊक होतं. कॅप्टन काही साधुसंत नव्हता, चिडका होता, हट्टी होता, पण आपल्या हातची चूक कुणा दुसऱ्याच्या नावावर त्यानं कधी जाऊ दिली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं फाटक त्यानं मोडलं, तेव्हा घरात कुणी नव्हतं, बघितलं कुणी नव्हतं. संध्याकाळी तो स्वतः जाऊन बेल वाजवून उभा राहिला होता.

पण कबूल करायला तो होता. तिनं करायचं म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याच्यावर बोट दाखवायचं. हे तिला जमत नव्हतं. आणि न करणं त्याहून जमत नव्हतं.

सोमवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि पुन्हा ते चार मजले चढली.

"मी त्या दिवशी खोटं बोलले," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "मला आठवलं होतं."

आवाजतज्ज्ञाला बोलावलं गेलं. तिनं टच् करून दाखवलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. "हा?" तो म्हणाला. "हा आम्ही दांड्याच्या खटक्याचाच भाग धरला होता." त्यानं अर्ध्या तासाची सगळी नोंद पहिल्यापासून लावली आणि ती डोळे मिटून बसली. ती बोट उचलायची, तो खूण करायचा. दिव्याचं बटण दाबताना. कागद उलटताना. आधी एकदा झडपा घेताना. एकूण तेरा ठिकाणी टच् सापडलं आणि तेराही वेळा त्याच्यामागून हाताच्या कामाचा आवाज होता. त्यातली चार टच् ती मुलगी बोलत असतानाची होती. शेवटचं त्यातलंच.

"त्यांच्याबरोबर उडणाऱ्या बाकीच्यांना हे कसं नाही ओळखू आलं?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्या कानांना हेडफोन असतात," ती म्हणाली. "आणि चोवीस वर्षं एका घरात काढल्याशिवाय असले आवाज नाही कळत."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "अहवालात हे असं एका आवाजावर ठरत नाही. आम्ही बाकीचं सगळं पुन्हा तपासू. पण आता दिशा बदलेल, एवढं तुम्हाला माहीत असू द्या."

"म्हणूनच आले," ती म्हणाली.

धाकट्या दिराला तिनं स्वतःच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. तो उभ्या उभ्या ऐकत होता. मग म्हणाला, "वहिनी, दादाच्या शत्रूनंही असं केलं नसतं." त्यानं चप्पल पायात घातली ती उलटीसुलटी, आणि जिन्यात थांबून नीट केली. त्यानंतर तो आला नाही. जाऊबाईंनी एकदा फोन केला, हवापाण्याचं बोलल्या आणि ठेवला. लेकीला कळवलं, तर तिचा नुसता एक निरोप आला: 'मला थोडा वेळ दे.' त्या वेळाला किती दिवस लागणार, हे तिनं लिहिलं नव्हतं.

अहवाल बाहेर यायच्या आधी आपण त्या मुलीच्या घरी जावं, हे तिच्या मनानं घेतलं. कशासाठी, ते नीटसं सांगता आलं नसतं. पत्ता तिनं कॅप्टनच्या एका सहकाऱ्याकडून मिळवला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, बस डेपोच्या मागच्या चाळवजा इमारतींत. मुलीचे वडील बसचालक होते, नुकतेच निवृत्त झालेले.

दार त्यांनीच उघडलं. उंच, खांद्यात वाकलेले, अंगात घरचा स्वेटर. तिनं आपण कोण ते सांगितलं. त्यांनी दाराची कडी हातातून सोडली नाही.

"बोला," ते म्हणाले.

ती दारातच उभी राहून बोलली. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. "तुमच्या मुलीचा हात नव्हता," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा होता. मी ओळखला. मी तिथे जाऊन सांगितलंय. अहवालात येईल. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

आतून कुणीतरी बाई विचारत होत्या, "कोण आहे हो?" त्यांची नजर तिच्यावरून हटली आणि जिन्याच्या कठड्यावर जाऊन बसली.

"दीड महिना," ते म्हणाले. "दीड महिना आम्ही दुकानातसुद्धा जात नाही. तिची आई तर खिडकीत उभी राहत नाही. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, बरं का. नुसते गप्प होतात."

"हो," ती म्हणाली.

"शेवटी काय म्हणाली ती? तुम्ही ऐकलंत ना?"

तिनं जरा विचार केला. सांगायची परवानगी होती की नव्हती, तिला ठाऊक नव्हतं. "शेवटपर्यंत काम करत होती," ती म्हणाली. "काय बिघडलंय ते शोधत होती. आकडे वाचत होती. ओरडली नाही, रडली नाही. आमचे हे गप्प झाले होते, तरी ती त्यांना सर म्हणून विचारत होती."

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. त्यांनी स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

"मी चौतीस वर्षं बस चालवली," ते म्हणाले. "एकदा, चाळिसाव्या वर्षी, ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. रोजचा रस्ता, रोजची गाडी. पुढे भिंत होती म्हणून कुणी मेलं नाही. कसा दाबला ते आजतागायत मला कळलेलं नाही. पाय माझाच होता आणि मला कळलेलं नाही." ते थांबले. "तेव्हा तुमच्या नवऱ्याला मी काही बोलणार नाही. पण तुम्हाला आत या म्हणायचं, ते मला आज होणार नाही. राग मानू नका."

"नाही मानत."

"बस कुठून पकडणार?"

"डेपोसमोरून."

"समोरून नको, ती वळसा घेऊन जाते. मागच्या फाटकापाशी थांबा, बारा नंबर येईल. बसायला जागा मिळेल."

तिनं मान हलवली आणि जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर तिला वरून दार लागल्याचा आवाज ऐकू आला. पण लगेच नव्हे. ती वळेपर्यंत ते तिथेच उभे असावेत.

अहवाल सात आठवड्यांनी आला. तिनं तो कार्यालयात जाऊनच घेतला आणि समोरच्या बागेतल्या बाकावर बसून वाचला. एकशे बारा पानं होती. कॅप्टनचं नाव कुठेही नव्हतं, सगळीकडे 'डाव्या आसनावरील वैमानिक' एवढंच. त्या मुलीला 'उजव्या आसनावरील'. सत्त्याण्णवाव्या पानावर लिहिलं होतं की झडपांच्या दांड्याऐवजी पात्यांचे दोन्ही दांडे ओढले गेले, 'आणि ही कृती डाव्या आसनावरील वैमानिकाकडून झाली असण्याची दाट शक्यता आहे'. ते चुकीनं झालं, नकळत झालं, आणि दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, असंही लिहिलं होतं. पुढे शिफारशी होत्या. दांड्यांच्या मधे आडोसा असावा, विमान हाती असलेल्यानं झडपांना हात लावू नये, असं बरंच. तिच्याबद्दल एक ओळ होती: 'कुटुंबीयांच्या साहाय्याने ध्वनीची ओळख पटली.'

बागेत शाळेची मुलं धावत होती. तिनं सगळी पानं वाचली, न कळणारे तक्तेसुद्धा. मग कामावर गेली. मालकांनी विचारलं, "आज कशाला आलीस?" ती म्हणाली, "घरी बसून काय करू?"

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, पण आतल्या पानावर. 'नवखी' हा शब्द छापला होता तेवढ्या मोठ्या अक्षरांत दुसरा कुठलाच शब्द नव्हता. दिराचा फोन आला नाही. कॅप्टनचा एक जुना सहकारी बाजारात समोरून आला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. सिग्नल लाल होता, गाड्या चालू होत्या, तरी गेला. भाजीची पिशवी घेऊन ती तिथेच उभी राहिली, आणि तो सुखरूप पलीकडे पोचल्यावर मग निघाली.

संध्याकाळी सातच्या सुमारास लेकीचा फोन आला. दोन महिन्यांनी.

"वाचलं मी," लेक म्हणाली. "सगळं."

"हं."

"आई, मला तेव्हा खूप राग आला होता तुझा."

"माहितीये मला."

"अजूनही थोडा आहे. सगळा गेला असं खोटं नाही सांगत." ती थांबली. तिकडून रहदारीचा आवाज येत होता. "पण तू तिथे एकटी ऐकत बसलीस ना ते, डोळे मिटून. मी आज तेच डोक्यातून काढू शकत नाहीये. कुणी तरी सोबत असायला हवं होतं तुझ्या."

कवळीताईनं गॅस बारीक केला. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवलीस का?" लेकीनं विचारलं.

"नाही अजून. भात लावलाय."

"मग वाढून घे. मी आहे फोनवर."

"अगं, तुझं काम..."

"असू दे काम. तू फोन समोर ठेव आणि जेव. बोलायचं नसेल तर नको बोलूस."

तिनं फोन टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. ताट घेतलं, भात वाढला, वर भाजी घातली. पलीकडे लेक चालत होती, तिच्या बुटांचा आवाज येत होता, मधेच कुणीतरी हॉर्न वाजवला. ती एकेक घास घेऊ लागली. ताट संपायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, पण लेकीनं घाई केली नाही.